कषाय पिण्यात गेलेला हिवाळा

मला टीबी झाला होता.

हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं, तेव्हा औषधं सुरू होऊन पाच आठवडे झाले होते. तोवर या आजाराला आमच्या घरात ‘न्यूमोनिया’ म्हणत होते, सोसायटीत ‘व्हायरल’ आणि माझ्या माहेरी सांगलीत ‘अशक्तपणा’. खरं नाव फक्त फाइलमध्ये होतं आणि ती फाइल माझ्या नवऱ्यानं, राघवनं, कपाटात साड्यांच्या खाली ठेवली होती.

आता मी बरी आहे. हे लिहिते आहे ते कुणी तरी वेळेत डॉक्टरकडे जावं म्हणून. मन मोठं करून, सगळ्यांना माफ करून लिहायचा विचार होता, पण ते जमलेलं नाही. वाचताना कडवटपणा जाणवेल. तो तसाच ठेवला आहे.

मी आहारतज्ज्ञ आहे. लग्न होऊन बेंगळुरूला आले त्याला अठरा वर्षं झाली. राघवचं घराणं इथलं जुनं मराठी, कैक पिढ्यांपासून इथंच. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात अर्धं कन्नड मिसळलेलं. सासूबाईंना सगळे अम्मा म्हणतात, मीही अम्माच म्हणते. मुलगी मैत्रेयी अकरा वर्षांची.

माझ्या कामाचा खरा हंगाम म्हणजे हिवाळा. दसरा झाला की कंपन्यांचे फोन सुरू होतात. ‘हिवाळ्यात निरोगी कसे राहाल’ या विषयावर तासाभराचं बोलायचं. इलेक्ट्रॉनिक सिटीत ते इंग्रजीत, बोम्मसंद्रा आणि पीण्या या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत माझ्या मोडक्या कन्नडमध्ये. नाचणी, तीळ, गूळ, शेंगदाणे. बाजारात अवरेकाई, म्हणजे ओले वाल, आली की तिची उसळ. आवळा. कोवळं ऊन. सात तास झोप. पाणी कोमट. आणि धने-जिरे-मिरी-सुंठीचं कषाय. कषाय म्हणजे आपला काढाच, पण कन्नड शब्द वापरला की समोरचे हसून जवळचे होतात, हे मला ठाऊक होतं.

त्या यादीत चुकीचं काहीच नव्हतं. आजही नाही. त्यात नसलेल्या एका ओळीबद्दल पुढे सांगते.

सगळ्यांनी कौतुक केलं

दिवाळीनंतर मला खोकला सुरू झाला. त्या दिवसांत बेंगळुरूत खोकत नाही असा माणूस शोधावा लागतो. सकाळची थंडी, रस्त्यांची धूळ, झाडांचा पराग. मी कषाय प्यायला लागले. आठवड्यानं त्यात ज्येष्ठमध घातलं. आणखी आठवड्यानं हळद-दूध. मग रात्रीचं दही बंद. माझ्या हातात उपाय भरपूर होते, त्यामुळे एक संपला की दुसरा सुरू व्हायचा, आणि डॉक्टरकडे जायची पाळीच यायची नाही.

वजन उतरायला लागलं. इथं मला स्वतःचा सगळ्यात जास्त राग येतो. एखाद्या शिक्षिकेचं किंवा बँकेतल्या बाईचं वजन दोन महिन्यांत असं उतरलं असतं, तर कुणी तरी विचारलं असतं, बरं नाही का. मी आहारतज्ज्ञ. मला लोक म्हणाले, “मॅडम, काय करताय? आम्हालाही तो प्लॅन द्या ना.” मी हसून म्हणायचे, “शिस्त.” एका कंपनीनं माझा नवा फोटो मागवून कार्यक्रमाच्या जाहिरातीत लावला. गालाची हाडं वर आलेला तो फोटो मला आवडलाही होता.

पहाटे कुर्ता घामानं भिजलेला असायचा. वय चव्वेचाळीस. पाळी जायची वेळ जवळ आली असेल, असं मी ठरवून टाकलं.

अम्मा एकदा म्हणाल्या, “डॉक्टरला दाखव मा. हा खोकला बरा नव्हे.”

मी म्हणाले, “अम्मा, हे माझंच क्षेत्र आहे.”

त्या “सरी” म्हणाल्या, म्हणजे बरं, आणि आत गेल्या. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. कुणाला गप्प कसं करायचं, ते मला चांगलं जमायचं.

निदानाचा दिवस

संक्रांतीच्या आठवड्यात इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका ऑफिसात बोलत होते. ‘रोगप्रतिकारशक्ती’ हा शब्द मला एका दमात म्हणता येईना. मी थांबले, पाणी प्याले, पुन्हा म्हणायला गेले, आणि डाव्या कुशीत कुणी आतून दाबून धरल्यासारखं झालं. खुर्ची ओढून बसले. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग असेल, आता श्वासाचा व्यायाम दाखवणार. दोघा-तिघांनी डोळेही मिटले.

तिथून टॅक्सीनं सरळ हॉस्पिटल. राघव त्याच्या ऑफिसातून आला. एक्स-रे काढला. डाव्या फुप्फुसाभोवती पाणी साचलं होतं आणि वरच्या भागात डाग होता. थुंकी तपासायला दिली. डॉक्टर तरुण होता, हुबळीकडचा, मराठी समजणारा. रिपोर्ट घेऊन आला तेव्हा त्याचा मास्क हनुवटीवर होता. खोलीत पाऊल टाकल्यावर त्यानं तो नाकावर ओढला आणि मग बोलायला सुरुवात केली. पुढचं ऐकायची मला गरजच राहिली नाही.

मी काय म्हणाले असेन? “पण मी नीट जेवते.”

“नीट जेवणाऱ्यांनाही होतो, मॅडम,” तो म्हणाला. “खोकला कधीपासून आहे?”

“अडीच महिने.”

“आणि काय केलंत?”

मी राघवकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. मी म्हणाले, “कषाय.”

डॉक्टर हसला नाही, रागावलाही नाही. त्यानं ते लिहून घेतलं. मग विचारलं, “घरी लहान कोण आहे?”

तोवर मी घाबरले नव्हते, फक्त अपमान झाल्यासारखं वाटत होतं. या प्रश्नावर घाबरले. अडीच महिने मैत्रेयी माझ्या कुशीत झोपत होती. थंडी लागते म्हणून खिडक्या मीच घट्ट लावून घेत होते.

अकरा दिवस

हॉस्पिटलात अकरा दिवस होते. पाणी काढताना उशी पोटाशी घेऊन पुढं वाकून बसायचं आणि पाठीत सुई. ‘हलू नका, खोकू नका.’ खोकू नका हे सांगणं सोपं असतं. बाटलीत जमलेलं पाणी पिवळसर होतं, तेलासारखं. ते आपल्या आतलं आहे हे पटत नाही.

सकाळी सहाला ताप मोजणं, सातला गोळ्या, आठला नाश्ता. गोळ्यांनी लघवी केशरी होईल, घाबरू नका, असं केरळच्या सिस्टरनं आधीच सांगितलं होतं. तिचे उपकार मानते, कारण बाकी कुणीच काही आधी सांगत नव्हतं. आणखी एक बाई आठवते. फरशी पुसायला यायची. बाकीचे लोक दारातून आत-बाहेर करताना घाई करायचे. ती शांतपणे यायची, आधी खिडकी सताड उघडायची आणि म्हणायची, “गाळी बेकु, अक्का.” वारा पाहिजे. तिला हे कुणी शिकवलं होतं की नाही माहीत नाही. मी तासभराच्या व्याख्यानात खिडकी हा शब्द कधी उच्चारला नव्हता.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलची आहारतज्ज्ञ आली. चोवीस-पंचवीसची मुलगी. दारातच उभी राहिली, तक्ता सिस्टरच्या हातात दिला आणि म्हणाली, “प्रोटीन वाढवा, मॅडम. अंडी, डाळ, पनीर. थोडं थोडं, सहा वेळा.”

तक्ता बरोबर होता. मीही हाच दिला असता. पण गोळ्यांनंतर तोंडाला लोखंडाची चव यायची, अंड्याच्या वासानं मळमळायचं, वरणाचा दुसरा घोट घशाखाली जायचा नाही. वीस वर्षं मी लोकांना ‘खा’ म्हणत आले. घास घशाखाली न उतरणाऱ्या माणसाला ‘खा’ म्हटलं की त्याला काय वाटतं, ते मला त्या मुलीनं दारात उभं राहून शिकवलं. त्याला वाटतं, यातही आपण नापास झालो.

न्यूमोनिया

घरी यायच्या आदल्या दिवशी राघव म्हणाला, “कुणाला सांगायचं नाही.”

“काय सांगायचं मग?”

“न्यूमोनिया. डॉक्टरांना विचारलंय मी, दोन-तीन आठवड्यांनी तुझ्यापासून कुणाला धोका राहत नाही. मग कशाला सांगायचं? तुझं काम आहे, मैतूची शाळा आहे. लोक कसे असतात तुला माहीत आहे.”

“तुझ्या बहिणीला तरी सांग. मैतू तिच्याकडं राहणार आहे.”

“तिच्या घरी बाळ आहे. ती मैतूला ठेवून घेणार नाही.”

मैत्रेयीची तपासणी झाली होती. तिला आजार नव्हता, कुणाला तिच्यापासून धोका नव्हता. पुढे होऊ नये म्हणून रोज गोळ्या घ्यायच्या होत्या. जयनगरला आत्याकडे जाताना राघवनं तिला बजावलं, की आत्यानं विचारलं तर व्हिटॅमिनच्या गोळ्या आहेत म्हणायचं. ती माझ्या खोलीच्या दारात उभी होती, पाठीला दप्तर. मी ‘नको, खोटं बोलायला लावू नको’ असं म्हणायला हवं होतं. मी म्हणाले नाही. मलाही न्यूमोनियाच सोयीचा वाटत होता.

घरी अम्मा होत्या. पहिल्या दिवशी जेवण आलं ते स्टीलच्या वेगळ्या ताटात. ताटाच्या काठाला मागच्या बाजूनं लाल नेलपॉलिशचा ठिपका.

मी भडकले. “अम्मा, ताटातून नाही पसरत हा. हवेतून पसरतो. डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलंय.”

“ठाऊक आहे मा,” त्या म्हणाल्या. “पण हात ऐकत नाही, काय करू?”

मग दारात खुर्ची घेऊन, मास्क लावून बसल्या आणि मला त्यांच्या थोरल्या बहिणीचं सांगितलं. अम्मा नऊ वर्षांच्या असताना ती याच आजारानं गेली. मागच्या पडवीत तिला ठेवलं होतं. ती गेल्यावर घरात ‘अक्का’ हा शब्दच कुणी उच्चारायचं नाही. अठरा वर्षांत हे मला कधी कळलं नव्हतं. राघवलाही माहीत नव्हतं.

ताट शेवटपर्यंत वेगळंच राहिलं. मला शेवटपर्यंत त्याचा राग येत राहिला. आणि तरीही, दर जेवणाला मी शेवटचा घास खाईपर्यंत त्या दारातल्या खुर्चीतून उठल्या नाहीत. राघव पहिले तीन आठवडे फोनवरूनच चौकशी करत होता, बाजूच्या खोलीतून. मी कुणाच्या बाजूनं बोलू?

खाण्याचं अम्मांनीच सोडवलं. त्यांनी तक्ता वाचलाच नाही. “काय गिळवतं तेवढं सांग,” एवढंच विचारलं. मला आंबट गिळवत होतं. मग ताकातली नाचणीची पातळ आंबील, वाटीभर. दोन तासांनी पुन्हा वाटीभर. चार दिवसांनी त्यात त्यांनी शेंगदाण्याचं बारीक कूट घातलं, मला न सांगता. मग दहीभात आणि लिंबाचं लोणचं. मग मऊ उकडलेल्या शेंगा. अंडं तिसऱ्या महिन्यात गेलं. एकदा वाटी उचलताना त्या म्हणाल्या, “लोकांना सांगतेस ना स्टेजवरनं, खा खा. स्वल्प अवघड असतं गं.”

त्यांनी टोमणा मारला नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

पत्ता विचारणारी बाई

पाचव्या आठवड्यात सरकारी आरोग्य केंद्रातली एक कार्यकर्ती घरी आली. घरच्यांची विचारपूस, गोळ्या वेळेवर घेते का, वजन वाढलं का, हे सगळं पाहायला. मनापासून काम करणारी बाई होती. फक्त तिनं गेटवर मोठ्यानं विचारलं, “टीबी पेशंटचं घर कुठलं?”

संध्याकाळपर्यंत आमचा मजला शांत झाला. समोरच्यांनी त्यांचं चपलांचं स्टँड आमच्या दारापासून लांब सरकवलं. स्वयंपाकाला येणारी बाई दुसऱ्या दिवशीपासून आली नाही. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी तरी, नाव न घेता, लिफ्ट पुसून घ्यायची सूचना केली, आणि तिला अठरा अंगठे मिळाले. मी मोजले. त्यातले सहा जण माझ्याकडून डाएट प्लॅन घेऊन गेलेले होते.

राघव त्या कार्यकर्तीवर चिडला, तिची तक्रार करतो म्हणाला. त्याच वेळी खालच्या मजल्यावरच्या बाईंचा फोन आला. आवाज गोड करून म्हणाल्या, “काही तरी ऐकलं. खरं आहे का?”

“हो,” मी म्हणाले, “मला टीबी झाला आहे.”

राघव खोलीच्या दारातून माझ्याकडे पाहत राहिला. पलीकडून बाई म्हणाल्या, “अय्यो, पण तुम्ही तर इतकं हेल्दी खाता!”

हे वाक्य नंतर मी इतक्यांदा ऐकलं की त्याला उत्तर देणं सोडलं. कामं लावून देणाऱ्या एजन्सीनं मार्चपासूनचे सगळे कार्यक्रम दुसऱ्या कुणाला दिले. कारण कळवलं नाही. आजारी माणसाकडून आरोग्याचा सल्ला कोण घेणार, हे त्यांनी न सांगताही कळत होतं.

त्या आरोग्य कार्यकर्तीनं मला एक प्रश्न विचारला होता. “गेल्या वर्षा-दोन वर्षांत खोकणाऱ्या कुणाजवळ बसला होतात का?” मी नाही म्हणाले होते. ती गेल्यावर मला रत्नम्मा आठवली.

रत्नम्मा

आदल्या हिवाळ्यात पीण्याला यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात माझा कार्यक्रम होता. बाहेर ग्राइंडरचा आवाज, म्हणून खोलीची दारं-खिडक्या बंद. संपल्यावर पॅकिंगमधली एक बाई माझ्याजवळ येऊन बसली. तिशी ओलांडलेली, काटकुळी. नाव रत्नम्मा. म्हणाली, महिना झाला, खोकला जात नाही, अंग उतरलंय, काय खाऊ? मी तिला वीस मिनिटं दिली. शेंगदाणे भिजवून गुळाबरोबर, रोज मूठभर. कषाय दोन वेळा. “हवा बदलली की जाईल,” असंही म्हणाले. जाताना ती खोकली, तेव्हा पदर तोंडावर घ्यायच्या आधी माझ्याकडे तोंड होतं.

आता खरं लिहायचं ठरवलंच आहे, तर हेही लिहिते. मला पहिल्यांदा वाटलं ते हे: हिनंच मला दिला. पुढचे कित्येक आठवडे मी पलंगावर पडून त्या बाईचा राग केला. मला कुणाकडून आजार लागला हे कुणीच सांगू शकत नाही, डॉक्टरही नाही. एवढ्या मोठ्या गावात, एवढ्या बंद खोल्यांत मी बसले होते. पण राग करायला एक चेहरा सापडला की बरं वाटतं. गोळ्यांपेक्षा बरं वाटतं.

मग एक दिवस सकाळी, आंबील पिताना, मी तिला काय सांगितलं होतं ते शब्दाशब्दानं आठवलं. आणि वाटी तशीच खाली ठेवली.

जिना न थांबता चढता यायला लागला, तेव्हा पाचवा महिना होता. मी पीण्याला गेले. कारखान्यात ती नव्हती. सोडून वर्ष झालं, असं सुपरवायझर म्हणाला. पॅकिंगमधल्या एका बाईनं घर सांगितलं, मागच्या वस्तीत, पाण्याच्या टाकीला लागून. एक खोली. रत्नम्मा दारात बसून कुठल्याशा छोट्या स्प्रिंगा मोजून पिशव्यांत भरत होती, घरी आणलेलं काम. मला ओळखायला तिला वेळ लागला.

“शेंगा-बेल्ला अक्का!” ती म्हणाली. शेंगदाणे-गूळवाली अक्का. कारखान्यात मला हे नाव पडलं होतं तर.

मी उभ्याउभ्याच म्हणाले, “रत्नम्मा, मला टीबी झाला.”

तिनं हातातली पिशवी ठेवली. “तुम्हाला?” मग आतून प्लास्टिकचं स्टूल आणलं आणि उघड्यावर, दाराबाहेर ठेवलं. “मलाही झाला होता, अक्का. आता गोळ्या संपल्या.”

“कधी कळलं?”

“उगादीनंतर. रक्त पडलं तेव्हा.”

उगादी म्हणजे आपला पाडवा. माझा कार्यक्रम डिसेंबरात झाला होता. मी विचारलं, “मधे कुठं दाखवलं नाहीस?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच विसरभोळी आहे. “तुम्ही सांगितलं ना, हवा बदलली की जाईल. शेंगा, बेल्ला, कषाय. मी रोज खाल्लं अक्का. एक दिवस चुकवला नाही.”

ती स्प्रिंगांचा ढीग हातानं गोळा करत म्हणाली, “माझी आई आमच्याजवळ होती. एकाच खोलीत झोपायचो. तिला लागला. म्हातारं माणूस. ती राहिली नाही.”

हे ती रागानं म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. पत्ता सांगावा तसं तिनं सांगितलं.

मी येताना पिशवीतून खजूर, राजगिऱ्याच्या वड्या आणि सातूचं पीठ आणलं होतं. ती पिशवी मी पुढे केली. तिनं आत डोकावून पाहिलं आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजाला धार आली.

“परत खायलाच सांगायला आलात, अक्का?”

मी माफी मागितली. कन्नडमध्ये जे शब्द येत होते ते सगळे वापरले. ती ऐकून घेत होती. शेवटी “सरी,” म्हणाली. हा शब्द मी अठरा वर्षं रोज ऐकते. भाजीवाला म्हणतो, रिक्षावाला म्हणतो, अम्मा म्हणतात. त्याचा अर्थ ठीक आहे, कळलं, पुरे आता, असा काहीही होऊ शकतो. तिनं मला माफ केलं की जा म्हणाली, हे मला आजही माहीत नाही.

पिशवी उचलावी की ठेवावी, मला कळेना. “ठेवा,” ती म्हणाली, “पोरं खातील.” आणि पुन्हा मोजायला लागली.

ती ओळ

माझ्या व्याख्यानात नसलेली ओळ ही: खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, तर काय खायचं ते मला विचारू नका, थुंकी तपासून घ्या. सरकारी केंद्रात जा, कुठंही जा, पण जा. वजन आपोआप उतरत असेल, संध्याकाळी ताप आणि पहाटे घाम असेल, तर आधी जा. कुणी कौतुक केलं तरी जा.

चांगलं खाणं खोटं नाही. अंग पोसलेलं असलं तर आजाराला दाद कमी देतं, आणि गोळ्या पेलायलाही ताकद लागते. माझं गेलेलं वजन आंबिलीनं आणि शेंगांनीच भरून आलं. हिवाळ्यात ऊन घ्या, झोपा, तीळ-गूळ खा. खिडकी मात्र उघडी ठेवा. पण स्वयंपाकघरातून प्रत्येक आजाराचं उत्तर निघतं असा ज्यांना भ्रम आहे, त्यांनी माझ्याकडे पाहावं. आणि घरात कुणी आजारी असेल, तर त्याला ‘खा’ म्हणू नका. काय गिळवतं, ते विचारा.

सहा महिन्यांनी तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी बरी झाल्याचं लिहून दिलं. राघव गाडीत बसताना म्हणाला, “झालं. आता हा विषय बंद.” त्याला मनापासून आनंद झाला होता, हे मला दिसत होतं. आम्ही त्या दिवशी बाहेर जेवलो. मी त्याला म्हणाले, तुझ्या बहिणीला खरं सांग. तो म्हणाला, आता कशाला. मग मीच जयनगरला जाऊन सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, चहा दिला. त्यानंतर ती आमच्याकडे आलेली नाही. आजाराची तिला भीती वाटत नाही. तिच्या बाळाच्या घरात तिच्या सख्ख्या भावानं तिला न सांगता हे केलं, याचं तिला दुःख आहे. तिचं चुकतं असं मला म्हणता येत नाही.

मैत्रेयी मात्र घरी येऊन बरेच महिने झाले. तिच्या गोळ्याही संपल्या. शाळेतून आली की दप्तर टाकते आणि मला मिठी मारते, अगदी पूर्वीसारखी. निदान मला तसं वाटत होतं. मग एकदा माझा कान तिच्या पाठीला टेकला होता, तेव्हा लक्षात आलं, आत काहीच हलत नाहीये. ती श्वास रोखून धरते. मिठी सुटली की चार पावलं लांब जाते, दारापर्यंत, आणि तिथं गेल्यावर हळूच, मला कळू नये असा, मोठा श्वास घेते.

तिला हे कुणी शिकवलं, मी विचारलेलं नाही. तिला बहुतेक ठाऊकही नसेल, की आपण असं करतो. डॉक्टरांचा कागद दाखवून हे सुटणारं नाही.

म्हणून आता मिठी मीच लवकर सोडते.